पिल्लं बघा, ताई

हमीदचाचा गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला. "अब्बांच्या मोबाइलात तुमचं नाव दिसलं, म्हणून कळवलं..." माझं नाव त्यांनी पुसलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी सिन्नरजवळ मी कोंबड्यांची शेड टाकली तेव्हा चाचा माझ्याकडे कामाला आले. त्यांचं आयुष्य अंडी उबवणी केंद्रात गेलेलं. मला वाचलेल्यापलीकडे काही येत नव्हतं. एक दिवसाच्या पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. म्हणून पत्र्याच्या गोल कड्यात भाताचं तूस पसरून, वर बल्ब लावून त्यांना ठेवतात. हा ब्रूडर. चाचा त्या कड्याशी उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. "ताई, बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर उकडतंय. सगळीकडे पांगून दाणे टिपतायत ना, मग बराबर आहे."

मला मात्र आकडा हवा होता. मी थर्मामीटर आणला आणि स्वतःच्या हाताने टांगला, मला वाचता येईल इतका उंच, बल्बाला जवळजवळ चिकटून. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी पारा फार चढलेला दिसला, तसे मी दोन बल्ब बंद केले. चाचा म्हणाले, "पिल्लं जवळ जवळ यायला लागलीत ताई, लावा ते." मी फटकारलं, "यंत्र खोटं बोलतं का? बटणाला हात लावायचा नाही."

सकाळी पिल्लांचा एका जागी ढीग झाला होता. खालची सगळी गुदमरून मेली होती.

पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर आला. "बल्ब कोणी बंद केले?" त्याने विचारलं. चाचा मेलेल्या पिल्लांची पाटी घेऊन दारातच उभे होते. मी म्हणाले, "चाचांनी." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "गलती झाली, साहेब."

ही गोष्ट आसपासच्या शेडवाल्यांपर्यंत पोचली. चाचांना पुन्हा कोणी कामाला बोलावलं नाही. मीसुद्धा 'सध्या काम नाही' असं सांगितलं... जाताना त्यांनी तो थर्मामीटर सोडवला, बल्बापासून लांब, पिल्लांच्या पाठीइतक्या उंचीवर पुन्हा बांधला, आणि बस धरली.

फोन आल्यावर मी देवळाली कॅम्पला नसीमच्या घरी गेले. तिने चहा ठेवला. म्हणाली, "अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या हातून ताईंची पिल्लं मेली." घरीसुद्धा त्यांनी माझं खोटं सांभाळलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. तिने चहाखालचा गॅस बंद केला.

"हे अब्बा असताना सांगायचं होतं, ताई."

ती आत निघून गेली. मी बसून राहिले, मग उठले. दुसऱ्या दिवशी त्या सुपरवायझरला शोधून फोन केला. म्हटलं, त्या वेळी हमीदचाचांची काही चूक नव्हती, बल्ब मी बंद केले होते. त्याने विचारलं,

"हमीदचाचा? कोण ते, मॅडम?"

मी पहिल्यापासून सांगायला लागले.