पाण्याकडं पाठ

झिऱ्यावर आपानं आम्हाला कधी पाण्याकडं बघू दिलं नाही. नदीच्या वाळूत हातभर खड्डा खणायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून शेळ्यांसाठी बाजूला ओतायचं, आणि मग त्या झिऱ्याकडं पाठ करून बसायचं. सगळ्यांनी. "पाणी लाजरं असतंय. टक लावून बसल्यावर कसं येईल ते?" असं तिचं म्हणणं. कुणी मान वळवलीच, तर मूठभर वाळू पाठीवर आलीच म्हणून समजा.

नळावरच वाढलेल्या लेकरांसाठी सांगते. आमची कयाधू नदी उन्हाळ्यात वरून कोरडी ठणठणीत, पण वाळूच्या पोटात पाणी राखून असायची. विहिरीत गाळ लागला की आम्ही बाया घागरी घेऊन नदीत. करवंटीनं पाणी भरायचं, निघताना झिऱ्यावर बाभळीची फांदी ठेवायची, म्हणजे ढोरं तोंड घालत नाहीत.

आपा पिंजाऱ्याच्या घरची. नवरा गाद्या भरायचा, त्यामुळं तिच्या केसांत बारा महिने कापूस. केस पिकले कधी, ते गावाला कळलंच नाही. कुठं खणायचं ते तीच ठरवायची. टाच वाळूत रोवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "इथं." एका वर्षी तिनं कोपरापर्यंत खणायला लावलं आणि खाली निघाला खडक. आम्ही हसून हसून बेजार. आपा काही ओशाळली नाही. "मी बराबर हाय. नदीच सरकली," म्हणाली आणि चार पावलं पुढं जाऊन पुन्हा टाच रोवली.

माझ्या थोरलीचं लग्न वैशाखात निघालं. पाहुणे सिद्धेश्वरकडचे, धरणाकाठचे. त्यांना पाण्याची तोशीस कशाला माहीत असणार? आमच्या विहिरीत तर नुसता चिखल. वऱ्हाडाला पाणी कमी पडलं तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, ह्या धास्तीनं मी चुलीपुढं रडत बसले. आपा आली. "काहून रडून राहिली गं? वऱ्हाड काय नदी पिऊन जाणार हाय? नदीच्या वळणावर वाळू जाड हाय. तिथं सगळ्याजणी मिळून खणू."

खणलं. पाणीही लागलं. आणि लग्न तोंडावर असताना एका सकाळी नदीत ट्रॅक्टर उतरला. कुठंतरी बांधकाम होतं, वाळू न्यायची होती, आणि त्यालाही नेमकी वळणावरचीच जाड वाळू हवी. ती गेली की झिरेही गेले. आपा म्हणाली, "बसा गं. पाठ करा." आम्ही झिऱ्यांना वेढा घालून बसलो, पाण्याकडं पाठ करून. ट्रॅक्टरकडंही कुणी बघितलं नाही.

"मावशे, सरका की. ट्रॉली लावायची हाय."

"हळू बोल रे बाबा. पाणी येऊन राहिलं."

"कवा भरंल?"

"आमाला काय ठावं? बघता येत न्हाई ना."

त्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. आपा आपली मला विचारते, "नवरदेवाच्या गादीला खोळ लाल घालायची का हिरवी?" मला एका डोळ्यातून भीती आणि एका डोळ्यातून हसू. हिरवी म्हणाले एकदाची. ऊन चढलं. शेवटी इंजिन बंद झालं. "मावशे, प्यायला तरी देता का?"

"देते की. ये, बस. पाठ करून."

आणि काय सांगू, तो बाप्या खरंच बसला! आमच्यासारखाच, पाठ करून, मांडी घालून. आपानं करवंटी भरून दिली. त्यानं दोनदा मागून घेतली. "लई गोड हाय वो," म्हणाला.

"वाळूमुळं गोड हाय. इच्या लेकीचं लगीन हाय, त्याचंच पाणी प्यालास तू. आता तू घरचा झालास."

डोक्याचा रुमाल झटकत तो उठला आणि रिकामी ट्रॉली घेऊन गेला. पुढं खालच्या अंगाला ट्रॅक्टर फिरलेच, वाळू गेलीच. पण आपा गावात होती तोवर वळणाला कुणी हात लावला नाही. लग्नात व्याहीबुवांनी विचारलं, "पाणी कोणत्या विहिरीचं हो?" तेव्हा आपा तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली.

नवरा गेल्यावर लेकीनं तिला हिंगोलीला नेलं. जीपपाशी मी विचारलं, "आपा, पाणी खरंच लाजतं का गं? का आम्ही वाकून बघितलं की कड ढासळते म्हणून?"

"कड तर ढासळतेच," ती म्हणाली. "पण तुमी बसत कुठं होता गं? घरी सासू, रानात मालक. पाण्याकडं तोंड असतं तर 'भरलं का, भरलं का' करत उभ्याच राहिल्या असत्या. पाठ केली म्हणून तर चार गोष्टी बोलला." जीप सुरू झाली. तिच्या केसांत कापूस होताच.

आता दारात नळ आहे. त्याखाली बादली लावून मी पायरीवर पाठ करून बसते, सवयच ती. परवा बादली वाहून अंगणभर पाणी झालं. सूनबाई ओरडत बाहेर आली, "आत्या, अहो, लक्ष कुठंय तुमचं?"

नळ बंद केला आणि पायरीवर जरा सरकून तिला जागा करून दिली. "दुसरी बादली लाव," म्हटलं, "आणि बस इथं. तिकडं बघू नको."