हळदीचा मूळ आवाज

“ह्यातलं सिनेमाचं गाणं तेवढं काढून टाका की, आन् खालचा आवाज वर आना.”

मल्लिनाथकाकांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला. त्यांचं भुसार मालाचं दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाला आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ तयार होतात आणि मी इथे एडिटर आहे. ‘एवढं काढून टाका’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. बहुतेक वेळा कुणाला तरी फ्रेममधून काढायचं असतं. गाणं काढायला सांगणारे काका पहिलेच.

पेन ड्राइव्हमध्ये त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची फिल्म होती, काही वर्षांपूर्वी आमच्याच स्टुडिओने केलेली. मी इथे लागायच्या आधीची. हळदीचा भाग लावला. बायका हसताहेत, हळद उडतेय, मध्ये एक बाई तोंड उघडून गातेय आणि वर जोरात सिनेमाचं गाणं वाजतंय.

“ही आमची मंडळी,” काका म्हणाले. “कलावती. आमच्यात हळदीला अरिशिणाचं, म्हंजे हळदीचंच, गाणं असतंय, कानडीत. आईनं पहिली ओळ उचलायची, मग बाकीच्या बायका म्हनत्यात. गेल्या वर्षी हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता आवाज निघंना. परवा धाकटीची हळद हाय. धाकटी म्हनतीया, अव्वाचं, आईचं, गाणं नसंल तर मी पाटावर बसत न्हाई.”

“दुसरं कुणी म्हणेल की, काका.”

“जावा म्हनतो म्हनल्या. पोरगी ऐकंना. आन् खरं सांगू का, हिला बी ऐकायचंय. स्वतःचा आवाज इसरली म्हनती.”

मला खरं सांगावंच लागलं. आमच्या धंद्याची एक पद्धत आहे. हळद, वरात, जेवणावळ आली की मूळ आवाज बंद करायचा आणि वर सिनेमाचं गाणं टाकायचं. मूळ आवाजात पोरांचं रडणं असतं, भांड्यांचा खणखणाट असतो, ‘ओ, बाजूला सरका’ असतं. गिऱ्हाइकाला ते नको असतं. त्यामुळे फिल्ममध्ये खालचा आवाज ठेवलेलाच नव्हता. वरचं गाणं काढलं तर खाली फक्त शांतता उरणार होती.

काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून आमचे मालक बसवराज अण्णा बाहेर आले. अण्णांना काही टाकून देववत नाही. बंद पडलेले ट्रायपॉडसुद्धा माळ्यावर आहेत. याच स्वभावामुळे जुन्या लग्नांचं मूळ शूटिंगही हार्ड डिस्कवर भरून ठेवलेलं असतं.

“दत्ता, माळ्यावरची पेटी काढ,” अण्णा मला म्हणाले. “रॉ असंल तितं.”

रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून जसं आलं तसं, काटछाट न केलेलं शूटिंग. डिस्क मिळाली. हळदीच्या क्लिपा एकेक करून लावल्या. पाट मांडणं, हळद कालवणं, मुलीला आणणं, सगळं आवाजासह छान चाललं. पुढची क्लिप सगळ्यात मोठी होती. गाणं त्यातच असणार. ती उघडेना. दुसऱ्या प्लेअरमध्ये लावली, तिथेही नाही. कन्व्हर्टरला दिली. त्याने सरळ एरर दाखवली.

“नाव बदलून बघ की,” अण्णा म्हणाले. “शेवटी एमपीफोर लिही.”

हा उपाय सोलापुरातला प्रत्येक फोटोग्राफर करतो. पण डब्यावरचं लेबल बदलून आतली भाजी बदलत नाही. व्हिडिओची फाइल हा एक डबाच असतो. आत चित्र आणि आवाज भरलेले असतात, आणि कोणता तुकडा कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. आमच्या त्या कॅमेऱ्यात ती अनुक्रमणिका स्टॉपचं बटण दाबल्यावर, सगळ्यात शेवटी लिहिली जाते. स्टॉप दाबायच्या आधीच वीज गेली तर माल आत असतो, अनुक्रमणिका नसते. मग प्लेअर गोंधळतो आणि फाइल खराब आहे म्हणतो.

“म्हंजे हाय का न्हाय आत?” काकांनी विचारलं.

“फाइलचा आकार मोठा आहे. म्हणजे माल आत आहे. तो सलग लावता आला पाहिजे.”

“मग लावा की. तुमी शिकल्यालं हाय.”

शिकलेला हा शब्द अजूनही मला जड जातो. मी जेऊरचा. वडील स्टेशनवरून माल वाहणारा टेम्पो चालवायचे. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला अण्णांनी दुपारचं काम दिलं, म्हणून डिग्री पुरी झाली. पण लग्नाच्या फाइली दुरुस्त कशा करायच्या हे कुठल्याच पेपरला नव्हतं. ते इंटरनेटवर वाचून आणि चुका करत शिकलो.

अशा फाइलींसाठी दुरुस्तीची सॉफ्टवेअर असतात. त्यांना नमुना म्हणून एक चांगली फाइल द्यावी लागते. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची. ती बघून सॉफ्टवेअर बिघडलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बनवतं. मी आधी मूळ फाइलची कॉपी केली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा माझा नियम. मग त्याच दिवशीची पाट मांडण्याची क्लिप नमुना म्हणून दिली.

फाइल उघडली. काका खुर्चीतून उठून पुढे आले. पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन नाचत होते आणि आवाज म्हणून नुसती खरखर.

“ही कलावती न्हवं,” काका म्हणाले.

अण्णा हसले. मलाही हसू आलं. कॅमेरा तोच, दिवस तोच, तरी नमुना जुळत नव्हता. म्हणजे सेटिंग बदललेलं असणार. त्या लग्नाचा कॅमेरामन इरफानभाई. कॅमेरा अजून त्याच्याकडेच आहे. फोन केला तर तो शेजारच्या कुंभारी गावात एका वास्तुशांतीच्या ऑर्डरवर होता.

“हल्दी उडाने का टैम आया तो मैं पचास पे लेतूं ना भाई,” तो म्हणाला. “बाकी सब पच्चीस पे.”

हे मला सुचायला हवं होतं. साधं शूटिंग सेकंदाला पंचवीस चित्रांचं असतं. हळद उडवताना पन्नास चित्रं घेतली की नंतर एडिटरला ती छान स्लो मोशन करता येते. हवेत तरंगणारी हळद सगळ्यांना पाहिजेच असते. म्हणजे नेमकी तेवढीच क्लिप वेगळ्या सेटिंगची होती, आणि तिच्या जोडीची दुसरी डिस्कवर नव्हती.

“और वो क्लिप अधूरी क्यों है, इरफानभाई?”

“अरे वो! बॅटरी बचाने कू मैं वो निकाल के अडॅप्टर लगाया था. एक मौशी आई, बोर्ड में से मेरा पिन निकाली, पानी गरम करने का रॉड लगाई. मैं बोला मौशी, कॅमेरा बंद हुआ. वो बोली, नवरीला आंघोळ घालायची, तुझं काय?”

मी मोटरसायकल काढली आणि पन्नासचा नमुना आणायला कुंभारीला गेलो. वास्तुशांतीचं जेवण चालू होतं. इरफानभाईने कॅमेरा पन्नासवर लावून समोर जे होतं ते शूट केलं: जिलेबी वाढणारा माणूस. क्लिप माझ्या कार्डवर घेतली. यजमानांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परत येऊन जिलेबीवाल्याचा नमुना देऊन सॉफ्टवेअर चालवलं. काका दुकान भावावर सोपवून येऊन बसले होते. त्यांच्यासोबत कलावतीकाकूही होत्या, गळ्याला स्कार्फ गुंडाळलेला. फाइल उघडली. पिवळा रंग दिसला. मग पाट, मग थोरली मुलगी, आणि भांड्यांच्या आवाजातून वर चढत गेलेला एक जाड, खणखणीत आवाज.

काकू पडद्याकडे सरकल्या. मग त्यांनी काकांच्या दंडावर चापट मारली आणि कुजबुजल्या, “एवडं वरच्या पट्टीत म्हनायचे व्हय मी?”

“गल्लीला ऐकू जायचं,” काका म्हणाले.

शेवटच्या कडव्याच्या मधोमध आवाज तुटला. तिथे मौशींनी पिन काढली होती. मी सांगितलं की यापुढचं रेकॉर्डच झालेलं नाही, ते कुठल्याही सॉफ्टवेअरने येणार नाही. काकूंनी हाताने ‘असू दे’ म्हटलं.

पेन ड्राइव्ह द्यायच्या आधी मी तो स्टुडिओतल्या जुन्या टीव्हीला लावून पाहिला. चित्र आलं, आवाज नाही. काकांनी डोक्याला हात लावला. पण हे सोपं होतं. कॅमेरा आवाज न दाबता, म्हणजे लहान न करता, भरतो आणि पुष्कळ टीव्हींना तसा आवाज वाजवता येत नाही. फक्त आवाज टीव्हीला चालेल अशा साध्या प्रकारात बदलला, चित्राला हात लावला नाही. पुन्हा लावलं. वाजलं.

हळदीला मी स्वतः गेलो, टीव्ही ऐनवेळी रुसला तर हाताशी असावं म्हणून. धाकटी पाटावर बसली. आवाज सुरू झाला आणि पहिल्या ओळीनंतर सगळ्या बायकांनी गाणं उचललं. काकू समोर उभ्या राहून टाळीने ताल देत होत्या. रेकॉर्डिंग तुटलं तेव्हा बायका ऐन भरात होत्या. कुणीच थांबलं नाही. टीव्हीतून आवाज येत नाही हे बहुतेकींना कळलंही नसावं. काकूंची टाळी शेवटच्या ओळीपर्यंत चालली, मग त्यांनी लेकीच्या गालाला हळद लावली. काकांनी माझ्या हातात लाडवाची प्लेट दिली आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

आता आम्ही प्रत्येक लग्नाची हळद दोन प्रकारे देतो. एक सिनेमाच्या गाण्यासह, एक मूळ आवाजाची. दुसरी बहुतेक लोक नको म्हणतात. “त्यात नुसता गोंधळ हाय,” म्हणतात. आम्ही तरी देतो. काय जपायचं हे लग्नाच्या वेळी कुणालाच माहीत नसतं, आणि नंतर मूळ आवाज शोधत येतात तेव्हा तेही मल्लिनाथकाकांसारखे ‘एवढं गाणं काढून टाका’ म्हणतात.