कुंदाचं वेळापत्रक

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. दुपारी जेवून आडवी झाली होती, चहाला उठवायला गेले तर... पुढचं तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की गुरुवारी ती माझा प्रिंटर बघायला येणार होती, आता तो कोण बघणार. मग त्या विचाराची लाज वाटली. पण कुंदाला हे कळलं असतं तर ती हसली असती. आता दीड महिना झाला. रडून झालंय, आणि आठवायला लागलं की बहुतेक वेळा हसूच येतं.

आमची ओळख अंधेरीच्या एका कंपनीत झाली. संगणकात आकडे भरणाऱ्या आम्ही सात मुली. मशीन तापू नये म्हणून खोली इतकी थंड ठेवलेली असायची, की भर मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहायचो, आणि कुंदा वाघमारे आत बसून प्रोग्रामिंगचं जाडजूड पुस्तक वाचायची. घाटकोपरला राहायची. वडील मराठवाड्यातून आलेले, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. "हे पुस्तक तुला कोणी दिलं?" मी एकदा विचारलं. "कोणी नाही. कपाटात होतं, कुलूप नव्हतं," ती म्हणाली. दोन वर्षांत ती आमच्या साहेबांच्या प्रोग्राममधल्या चुका त्यांना दाखवायला लागली, तिसऱ्या वर्षी तिने नोकरी सोडली. तेव्हा फ्रीलान्सर हा शब्द आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हता. "कुठे असतेस नोकरीला?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "कुठेच नाही, त्यामुळे सगळीकडे." तिच्या आईने चाळीत सांगून ठेवलं होतं की पोरगी टायपिंगची कामं घेते.

स्वतःचा संगणक नव्हताच. प्रोग्राम आधी चौकटीच्या वहीत लिहायची, आणि घाटकोपरच्या एका क्लासमध्ये सकाळी मुलं यायच्या आत जाऊन चालवून बघायची. वर्षभराने मीही नोकरी सोडली आणि आम्ही सुट्या भागांतून जुळवलेला एक संगणक घेतला. तो ठेवला मुलुंडला, आमच्या घराच्या बंद केलेल्या गॅलरीत. एसी कुठून आणणार, म्हणून माझ्या सासूबाईंचा टेबलफॅन त्याच्यासमोर लावला. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आम्ही बसतो घामाघूम, वारा खातोय तो." ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. लोक चपला बाहेर काढून, हात मागे बांधून त्याचं दर्शन घेऊन जायचे.

आमचं पहिलं मोठं काम मुलुंडच्याच एका मराठी शाळेचं. दोन पाळ्या, पन्नासच्या वर शिक्षक. संस्थेच्या सेक्रेटरींनी कुठल्याशा प्रदर्शनात संगणक पाहिला होता, आणि शाळेचं वेळापत्रक त्याच्यावरच झालं पाहिजे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तोवर ते काम पर्यवेक्षक नाईक सर करायचे. वर्षानुवर्षं, अख्खी मे महिन्याची सुट्टी घरी एका बोर्डापुढे घालवून. कुंदाने विषय, शिक्षक, वर्ग, तासांची संख्या असं सगळं उतरवून घेतलं आणि तीन आठवड्यांत प्रोग्राम लिहिला. एकही शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत नाही, एकही वर्ग रिकामा नाही. आम्ही खूश होऊन शाळा उघडायच्या आठवडाभर आधी कागद शिक्षकांच्या खोलीत लावला आणि तिथेच उभ्या राहिलो. कौतुक ऐकायला.

दहा मिनिटांत वाट लागली. लहान मुलांना डबा खाल्ल्याबरोबर कवायत आली होती. संस्कृतच्या बाईंचे गुडघे गेलेले, त्यांना एक तास तळमजल्यावर आणि पुढचा तिसऱ्या मजल्यावर. आठ वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन शिक्षकांना आम्ही एकत्र प्रयोगशाळा दिली होती. गणिताच्या पेडणेकर बाई तर कागद वाचून एका बाजूला जाऊन बसल्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, सांभाळणारी बाई ठरल्या वेळी निघून जायची, म्हणून शेवटचा तास त्यांना कधीच नसायचा. हे आम्हाला कुठे माहीत? या सगळ्या गोंधळात नाईक सर कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. सेक्रेटरी म्हणाले, "चार दिवस देतो. नाही जमलं तर आपली जुनी पद्धत बरी." मुलुंड-भांडुपच्या आणखी दोन शाळा आमच्याकडे डोळे लावून होत्या. हे काम गेलं असतं तर पुढचीही गेली असती, आणि आम्ही दोघी पुन्हा स्वेटर घालून आकडे भरत बसलो असतो.

घरी येताना मी संतापले होते. "त्या म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं गं. मुद्दाम गप्प बसला." कुंदा म्हणाली, "आपण तरी त्यांना कुठे विचारलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सर मालवणकडचे, घरात मालवणीच बोलायचे. काकूंनी आत घेतलं, घावणे पुढे ठेवले, सर मात्र खिडकीबाहेर बघत होते. "तुमचा मशीन हुशार आसा," ते म्हणाले, "पण तेका आमची शाळा म्हायत नाय." मला वाटलं कुंदा आता प्रोग्राम समजावून सांगणार. तिने विचारलं, "सर, तुमचा बोर्ड बघायला मिळेल?"

त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग खाटेखालून चादरीत गुंडाळलेला प्लायवूडचा मोठा बोर्ड ओढून काढला. त्यावर टाचण्यांनी लावलेले पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे, शेकडो. प्रत्येक तुकडा म्हणजे एक तास, आणि प्रत्येकाच्या जागेला काही ना काही कारण. कोणाचं बाळ लहान, कोणाला सकाळी इन्सुलिन, कोणाचा आवाज दुपारनंतर बसतो. घावणे गार होऊन गेले, सर सांगतच होते. "ही कारणं तुम्ही लिहून का नाही ठेवलीत?" मी विचारलं. "लिवची नसतत ती," सर म्हणाले. "लिवलंय तर उद्या कोणीतरी वाचतला."

कुंदाने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग मशीनलाही सांगायची नाहीत. त्याला फक्त अट सांगू. अमका शिक्षक, अमका तास मोकळा. का, ते तुमच्याकडेच राहू दे." मला वाटतं, त्या वाक्यावर सर आमचे झाले.

तीस अटी निघाल्या. एकतिसावी त्यांनी जाता जाता, जरा चाचरत सांगितली. शनिवारी शेवटचा तास त्यांना स्वतःला मोकळा हवा होता. कारण काकूंनीच आतून सांगितलं, "उशीर झालो तर बाजारात बरे मासे रवणत नाय." त्याच दुपारी सर आमच्या गॅलरीत आले आणि फॅनच्या वाऱ्यात उभे राहिले. प्रोग्राम एकदा चालवला की पाऊण तास लागायचा. तीन वेळा चालवला, तिन्ही वेळा अडकला एकाच जागी. शनिवारी शेवटच्या तासाला दहावीचं गणित येत होतं. दहावीला गणित शिकवणारे दोघेच, पेडणेकर बाई आणि सर. सर म्हणाले, "माजी अट काडून टाक, बाय. एक दिवस मासे नाय खाल्ले तर मी काय मरूचंय नाय." कुंदा ऐकेना. "काढली तर पुढच्या शनिवारी तुम्ही मला शिव्या द्याल, आणि काकू त्याआधी देतील." चित्रकलेचे शिक्षक आठवड्यातून तीनच दिवस यायचे. ती दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे विक्रोळीला गेली आणि त्यांना शुक्रवारऐवजी शनिवारी यायला राजी केलं. दहावीचं गणित शुक्रवारी गेलं, मुलांनी त्या वर्षी शनिवारी शेवटच्या तासाला चित्रं काढली, आणि नाईक सरांना सुरमई मिळत राहिली.

आमचा प्रिंटर तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरं छापायचा. सर म्हणाले, मशीनचं अक्षर काही बरं नाही, आणि त्यांनी अख्खं वेळापत्रक आपल्या वळणदार मराठी अक्षरात उतरवून काढलं. कुंदाने खाली त्यांचं नाव लिहायला लावलं, आमचं त्याखाली. शिक्षकांच्या खोलीत या वेळी जो तो आपले तास उतरवून घ्यायला लागला. फक्त पेडणेकर बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि कुंदाचा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

पुढे शाळा मिळत गेल्या, मग दवाखाने, मग एक वाचनालय. निवृत्त झाल्यावर नाईक सर आमच्याबरोबर यायचे. नव्या शाळेत गेलं की ते आधी तिथल्या नाईक सरांना शोधून काढायचे. आमची जोडी बारा वर्षं टिकली. मग माझं घर, माझी दुखणी... मी थांबले. कुंदा एकटीने कामं घेत राहिली, साठीनंतरही. भाषा बदलल्या, मशीनं बदलली, ती दर वेळी नवीन पुस्तक घेऊन बसायची.

परवा घाटकोपरला गेले होते. मुक्ताही घरूनच काम करते, आईच्याच टेबलावर. टेबलाला दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. काम घेऊन येणाऱ्याला कुंदा कधी समोर बसवायची नाही. समोर बसला की माणूस साहेब होतो, शेजारी बसला की बोलतो, असं तिचं म्हणणं. दुसरी खुर्ची उजव्या हाताला, कारण कुंदा डावखुरी होती. मुक्ताने तिथले कागद उचलले, मला बसवलं आणि काहीतरी दाखवायला लागली. मुक्ता डावखुरी नाही. तिचं कोपर मला सारखं लागत होतं. "ही खुर्ची त्या बाजूला घे ना गं," मी म्हटलं.

"असू दे मावशी," ती म्हणाली, "ती तिथेच असते." आणि तिने स्वतःची खुर्ची थोडी सरकवून घेतली.