काचेपलीकडच्या बाई

लाखेचा वास आला की मी आजही चुळबुळतो. नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका कचेरीत कारकून होतो. विजापूरहून लग्न होऊन आलेल्या एक बाई कर्णबधिर मुलांच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या कर्नाटकातल्या पदविकेला इथली मान्यता हवी होती, आणि त्यासाठी पुण्याला धाडायचे कागद माझ्याच खणात पडून होते. बाई तिसऱ्यांदा आल्या. पंखा खडखडत होता. काचेआड मी शेजारच्याला पुटपुटलो, “त्यास्नी सोमवारी या म्हन. तवा मी न्हाई.” बाई खिडकीशी वाकून म्हणाल्या, “सोमवारी तुमी नसताय की. मग आजच पाठवा.” ओठ वाचणं हा त्यांचा पेशाच होता. पाकिटावर लाख ओतताना माझी बोटं भाजली. आता निवृत्त झालो, तरी हळू बोलताना हात तोंडावर जातो.