लमजदने घातलेलं कुलूप

स्फॅक्स शहरातल्या लमजदला ब्राउझरवरून भांडायची खोडच होती. अमुक ब्राउझर चोरून बघतो, तमुक ॲप घरभेदी, असं तो इंटरनेटवर दिवसभर लिहायचा आणि न पटणाऱ्याला मेंढरू म्हणायचा. नातेवाइकांचा ग्रुप त्याने सोडला, घर बदललं, नंबरही बदलला. नवा नंबर फक्त गाबेसला राहणाऱ्या आईकडे होता. तिच्या फोनलाही त्याने लांबलचक पासवर्ड घातला, तिच्याकडून घोकून घेतला आणि बजावलं, "उम्मी, धाकट्या सोफियानलासुद्धा सांगायचा नाही."

"नाही सांगत रे बाबा," म्हातारी म्हणाली.

शुक्रवारी आईचा फोन बंद लागला, म्हणून तो गाबेसला गेला. दारात भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि शेजारणी कुसकुसच्या पराती आत नेत होत्या. तिसऱ्या दिवसाचं जेवण होतं. आई बुधवारी सकाळी गेली होती आणि दुपारच्या नमाजानंतर तिला पुरलंही होतं. मयत कुणासाठी ताटकळत ठेवत नाहीत.

"मला कळवायचं नाही?" लमजद धाकट्या भावावर ओरडला.

सोफियानने आईचा फोन त्याच्या हातात आपटला. "कुठे कळवू? तुझा नंबर ह्यात, आणि ह्याला तुझं कुलूप! मोबाइलच्या दुकानदारांनीही हात टेकले."

"मग तिलाच विचारायचं होतंस, ती असताना!"

"विचारलं ना. हात हलत नव्हता, पण बोलत होती. 'लमजदला बोलाव' म्हणाली. मी म्हटलं, पासवर्ड सांग. तर म्हणाली, त्याने नको म्हटलंय."