शाईने लिहिलेली हॅना

जीनकाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी डेव्हन ॲव्हेन्यूवर भाडेवाढीविरुद्धची पत्रकं वाटत होते. मेसेज तिच्या भाच्याचा, रॉबर्टचा होता. चर्चमध्ये स्मरणसभा आहे, तू येऊ शकतेस. ‘येऊ शकतेस’! तिच्या घरात भाड्याने राहिले, तिच्या हातचे लिंबू जास्त पिळलेले पोहे खाल्ले, आणि परवानगी हा देणार. सभेत त्याने छापलेलं कार्ड हातात पडलं. ‘कॅरोलायनाचे जमीनदार डंकन यांची वंशज.’ माझं डोकंच फिरलं… कारण हे खोटं आहे, हे सिद्ध करण्यात त्या बाईची म्हातारपणाची वर्षं गेली होती.

जीनकाकू म्हणजे माझ्या बाबांचे मित्र वसंतकाका यांची बायको. काका नागपूरचे, ही अमेरिकन, मूळच्या स्कॉटिश घराण्यातली. काका गेल्यावर तिने जेवणाच्या खोलीतल्या भिंतभर कागद चिकटवला आणि आपली वंशावळ मांडायला घेतली. अडलं पहिल्याच माणसापाशी, स्कॉटलंडहून बोटीने आलेल्या डंकनपाशी. वसाहतीच्या काळातला एक कागद सांगे, डंकन बोटीचं भाडं फेडायला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेतावर बांधलेला मजूर होता. दुसरा सांगे, त्याच वर्षांत डंकनच्या नावावर मोठी जमीन होती. नातेवाईक म्हणाले, कारकुनाची चूक! आणि जमीन तेवढी ठेवून मजुरी खोडून टाकली. सोयीचं होतं ना.

उत्तर सापडलं ते नागपूरच्या एका आठवणीत. काकांचे दोन चुलतभाऊ, दोघंही दत्तात्रय, दोघांनाही आजोबांचं नाव. सुनांनी सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून घरात एक बापू, दुसरा नाना. नव्या नवरीने, म्हणजे जीनकाकूने, बापूचा आहेर नानाला देऊन टाकला होता. तेव्हा काका हसत म्हणाले होते, “अगं, बापाचं नाव विचार, माणूस आपोआप सापडतो.” ते तिला इतक्या वर्षांनी भिंतीसमोर आठवलं. स्कॉटलंडमध्येही थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. म्हणजे डंकन एक नव्हेच, दोन! एकाच आजोबांचे दोन नातू. जुन्या नोंदींत बापांची नावं शोधली, तर जमीनदार डंकनचा बाप नील, मजूर डंकनचा बाप आर्ची. आणि जीनकाकूच्या डंकनने आपल्या थोरल्या मुलाचं नाव ठेवलं होतं आर्ची.

मी तर नाचलेच. “काकू, नातेवाइकांसाठी पत्रक काढू या! तुमचा पूर्वज कर्जात बांधलेला मजूर, आणि तुम्ही आज बाहेरून आलेल्या मजुरांना हाकलता! काय हेडलाइन आहे यार!”

“आधी खा,” ती तिच्या मराठीत म्हणाली. “मग हे वाच.” तिने पुढे सरकवलं त्याच डंकनचं मृत्युपत्र. मजुरीतून सुटल्यावर त्याने थोडी जमीन घेतली होती. आणि एक बाई विकत घेतली होती. हॅना. गाय, नांगर आणि हॅना, थोरल्या मुलाला, आर्चीला.

मी म्हटलं, हे छापलं तर पत्रकाचा सगळा जोर जाईल.

“रॉबर्टही हेच म्हणतो,” ती शांतपणे म्हणाली. “त्याला जमीनदार हवा, तुला मजूर. हॅना कुणालाच नको.”

छापलं. सगळं छापलं. आणि घराण्याच्या मेळाव्यात, चौकडीचे स्कॉटिश घागरे घातलेल्या पुरुषांच्या हातात बटाट्याच्या सॅलडबरोबर एकेक प्रत ठेवली. रॉबर्ट लालेलाल. “जीनआत्या, ही जागा नाही याची.”

“मग जागा दाखव,” ती म्हणाली. “मी खुर्ची घेऊन येते.”

त्याने ती जागा अखेरपर्यंत दाखवली नाही. म्हणून स्मरणसभेत मी उठले. म्हटलं, कार्ड चुकीचं आहे. मजूर डंकन, त्याचा मुलगा आर्ची, आणि त्यांनी मालमत्ता म्हणून बाळगलेली हॅना. जीनकाकूने हे शोधलं, हे सांगितलं, आणि तिच्याच सभेत ते पुसलं जाणार नाही. रॉबर्ट कुजबुजला, “यू आर नॉट फॅमिली.” मी मोठ्याने म्हटलं, “मी तिला काकू म्हणते.” मागच्या बाकावरची एक म्हातारी खोकल्यासारखं हसली. नंतर लोक मला म्हणाले, अशा वेळी तरी गप्प बसायचं गं. का बसायचं? मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. खरं बोललेलं चांगलं नसतं का?

घर आता विकायला काढलंय. भिंतीवरचा कागद रॉबर्टने कचऱ्याच्या पिशवीशेजारी गुंडाळून ठेवला होता. मी उचलला. तो आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, फ्रिजच्या शेजारी, दोऱ्याला बांधलेल्या तिच्या पेन्सिलीसकट. डंकन पेन्सिलीने लिहिलाय. आर्चीही. “रीत म्हणजे पुरावा नव्हे,” ती म्हणायची, “उद्या कुणी मला चूक ठरवलं तर खोडता आलं पाहिजे.” फक्त एक चौकोन, ज्याच्या वर आई-बाप नाहीत, खाली मुलंबाळं माहीत नाहीत, तो तिने काळ्या शाईने, गिरवून गिरवून लिहिलाय. रॉबर्टला हवं तर त्याने यावं, पोहे खावेत, आणि पेन्सिलीने लिहिलेल्या कुठल्याही नावावर माझ्याशी भांडावं. हॅनाचं नाव तेवढं निघायचं नाही.