जेवढी तोंडं तेवढे टिळे

लोकांच्या पायाला भिंगरी असते, रणजित साळुंख्याच्या बुडाला होती. खानापूर तालुक्यातलं पोर शिकून भूल देणारा डॉक्टर झालं, पण एका जागी टिकेल तर शपथ. मिरज झालं, मुंबई झाली, मग आयर्लंड. इथंही आधी कॉर्क, मग स्लायगो, मग लेटरकेनी. दर तीन वर्षांनी खोकी बांधायची. लेटरकेनीत आल्यावर त्याच्या बायकोनं, सुहासिनीनं, पाय रोवले. "तुला हलायचं तर हल. घर आता इथंच राहील."

मग करतो काय? त्यानं विमान बांधायला घेतलं.

खरोखरचं विमान, दोन माणसं बसतील असं. सुटे पत्रे, रिव्हेट, चाकं, इंजिन, सगळं खोक्यांतून मागवलेलं. डोनल नावाचा एक मेंढ्या पाळणारा गडी होता. त्यानं आपलं विमान आधीच स्वतःच्या हातानं बांधलेलं. त्याच्या कोठारात जागा होती, कुरणात गवताची धावपट्टी होती. डब्लिनच्या ओंगारमधनं हरीश यायचा, हा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. शनिवारी तीन तास गाडी हाणत येऊन रिव्हेट ठोकायचा आणि रविवारी पाठ धरून परत जायचा. सहा वर्षं हे चाललं. दिवसभर दुसऱ्यांना झोपवणारा रणजित स्वतः मात्र रात्री पाच तासांच्या वर कधी झोपला नाही.

बेत ठरला तो केप व्हर्डच्या बेटांचा. आफ्रिकेच्या बगलेला, समुद्रात, उन्हात पडलेली बेटं. फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, मग आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं असं टप्प्याटप्प्यानं खाली उतरत जायचं आणि शेवटी सहाशे किलोमीटर निव्वळ पाणी. डोनल आणि हरीश एका विमानात, रणजित दुसऱ्यात, शेजारच्या सीटवर जादा पेट्रोलची टाकी. डोनलचा नियम एकच, पण पक्का. समुद्रावर एकट्यानं जायचं नाही. एक विमान अडलं तर दुसरंही जाणार नाही.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आभाळ उघडं होतं, पण मागं अटलांटिकवरनं वादळ निघालेलं. बाराच्या आत उडालं तर संध्याकाळी फ्रान्स. नाहीतर दहा दिवस ढगाचं छप्पर, आणि रणजितची रजा सगळी तीन आठवड्यांची. ही तीन आठवड्यांची रजा त्यानं दोन वर्षं सणावाराला ड्युट्या करून साठवलेली. आत्ता हुकलं की पुढचं कुणी बघितलंय.

त्याचे वडील, दत्तात्रय आबा, तीन महिन्यांसाठी आलेले. विट्याच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं फिटर. विमान त्यांनी ठोकून, वाकून, वास घेऊन तपासलं होतं आणि "बरं हाय" एवढाच दाखला दिला होता. त्या सकाळी ते कोठाराशी ताट घेऊनच हजर.

"आबा, दसरा चार दिवसांवर आहे अजून."

"गाडी आज भाईर पडतीया न्हवं? मग दसरा आजच."

डेपोतली रीत अशी की गाडीला जेवढी तोंडं तेवढे टिळे. दिवे, रेडिएटर, टाकीचं झाकण, काही सोडायचं नाही. आणि टिळा पावसात टिकावा म्हणून हळदकुंकू खोबरेल तेलात कालवायचं. तेलाची बाटली सुहासिनी घरात हॉट प्रेसमध्ये ठेवायची, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, कारण इतरत्र त्याचा दगड व्हायचा. आबांनी तिथनंच वाटीभर काढून आणलेलं.

आबा सावकाश एकेक तोंड शोधत फिरत होते. रणजितची नुसती चुळबुळ. तीनदा घड्याळ, चारदा आभाळ.

"आटपा की आबा!"

"हिच्या तोंडाला टोपडं कशापायी?" पंखाखाली करंगळीएवढी नळी होती, तिच्यावर लाल टोपी. समोरचा वारा त्या नळीत शिरतो आणि वेगाचा काटा हलवतो. किडामुंगी जाऊ नये म्हणून ती झाकलेली.

रणजितनं टोपी ओढून काढली. "घ्या. लावा आणि सरका बाजूला." आणि आबांनी काय लावलं ते न बघता तो आत चढला.

आधी डोनल उडाला. मग रणजितनं मोटर पूर्ण सोडली. विमान गवतावरनं उड्या मारत सुटलं. धावपट्टीच्या मध्यावर चुन्यानं रंगवलेलं टायर होतं. तिथवर काटा पन्नासावर आलाच पाहिजे, नाहीतर थांबायचं. टायर जवळ आलं. काटा शून्यावर. टायर मागं गेलं. काटा शून्यावर. समोर डोनलची दगडी भिंत मोठी होत चाललेली.

रणजितनं मोटर बंद केली आणि ब्रेक दाबला. ओल्या गवतावर विमान तिरकं घसरत भिंतीच्या दहा पावलं अलीकडं थांबलं. पलीकडच्या मेंढ्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"डॉक, सगळं ग्रँड ना?" वरनं, रेडिओवर, डोनलचा आवाज आला.

या मुलखात ग्रँड म्हणजे ठीक, आणि पाय मोडला तरी माणूस ग्रँड असतो. रणजितच्याही जिभेवर तेच आलं. शेजारच्या नकाशाच्या पडद्यावर उपग्रहावरनं वेग दिसत होताच. डोनलच्या शेपटीमागं चिकटून फ्रान्स गाठू, तिथं बघू. आत्ता नाही म्हटलं तर त्याच्यासंगं डोनल आणि हरीशही अडकणार होते. पण टेबलावर पेशंट आहे, ऑक्सिजनचा काटा मेलाय आणि आपण म्हणतोय चालू द्या, रंग तर बरा दिसतोय. असं एखादा म्हणाला असता तर रणजितनंच त्याला बाहेर घालवलं असतं.

"ग्रँड नाही," तो म्हणाला. "वेगाचा काटा मेलाय. खाली या."

डोनल आणि हरीश परत उतरले. रणजित बाहेर येऊन बघतो तर नळीच्या तोंडात पिवळंलाल बूच. डोनेगलच्या गारठ्यात तेल थिजून मेणासारखं बसलेलं.

"आबा, हे काय भरलंत?"

"टिळा. टोपडं तूच काढलंस न्हवं?"

रणजितनं खिशातनं तार काढली आणि नळीत घालायला गेला. आबांनी फाडकन हातावर मारली. चव्वेचाळीस वर्षांच्या डॉक्टरला, डोनलच्या देखत.

"म्होरनं टोचशील तर आत जाईल, मुडद्या! डिझेलचं नोझल कधी म्होरनं टोचत्यात? आधी ऊब द्यायची. मग मागनं फुकायचं."

डोनलला मराठी कळत नव्हती, फिटर कळत होता. तो कोठारातनं गारठलेल्या कोकरांना ऊब द्यायचा लाल दिवा घेऊन आला आणि नळीखाली टांगला. आबांनी पंखाखालचं झाकण खोललं. चौदा स्क्रू. एकेक काढून स्वतःच्या टोपीत ठेवत होते, डेपोतल्यासारखे.

दहा पंचावन्न झाले. पश्चिमेला राखाडी कड दिसू लागली.

"मी काढतो आबा, द्या इकडं."

"तू मेंढ्या मोज जा."

हरीश हसला. "डॉक्टर, पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं."

रणजित भिंतीपर्यंत जाऊन आला, परत गेला, परत आला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हाताला काम नव्हतं.

तेल पाघळलं. आबांनी आतली, काट्याकडं जाणारी रबरी नळी सोडवली, मागनं तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकर मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसरीला पिचकारी उडाली ती थेट हरीशच्या पांढऱ्या जॅकेटावर.

"लागला टिळा," आबा म्हणाले. "ह्योबी एक तोंडच हाय."

मग गरम पाणी, मग रणजितच्या बॅगेतलं स्पिरिट, मग पुन्हा फुंकर. नळी वाळवली, जोडली. हरीश आत काट्याशी बसला. रणजितनं बाहेरनं, चार बोटं लांबनं, हलकेच फुंकलं.

"हलला! तीस! चाळीस! अरे हळू, फोडशील!"

आबांनी चौदाही स्क्रू परत पिळले. रणजितनं ते मागनं मोजले आणि विमानाभोवती पूर्ण एक फेरी मारली, प्रत्येक तोंडात वाकून बघत. यावेळी घड्याळाकडं बघितलं नाही. डोनलनं बघितलं. अकरा छत्तीस.

"जायचं असेल तर आत्ता," तो म्हणाला.

टायरापाशी काटा बावन्नावर होता. भिंत खालनं सरकली. आबा ताट घेऊन उभे होते. हात हलवायची त्यांची पद्धत नव्हती.

नवव्या दिवशी दोन्ही विमानं केप व्हर्डच्या साल नावाच्या बेटावर उतरली. दार उघडल्याबरोबर ऊन अंगावर आलं. हरीश कपड्यांसकट पाण्यात गेला. रणजितनं आधी नळीला टोपी घातली, मग फोन लावला.

"काटा चालला का नीट?" आबांनी विचारलं.

"चालला."

"मग झालं. हिकडं पाऊस हाय."

डोनल वाळूत आडवा झाला आणि शेजारची जागा थोपटली. "बस, डॉक. पोचलो आपण."

रणजित बसला. बूट काढले, पाय वाळूत खुपसले. एक लाट आली नि गेली, दुसरी आली. त्यानं बूट परत चढवले.

"डोनल, त्या पलीकडच्या बेटावर धावपट्टी आहे ना रे?"

"उद्या," डोनल डोळे न उघडता म्हणाला.

रणजित तोवर नकाशा आणायला निघाला होता.